साक्ष बिघडते म्हणून

पेटीवर त्याची बोटं कधी चुकली नाहीत. शनिवारी रात्री तो किती प्यायला होता, ते रविवारी उपासनेत कुणाला कळायचं नाही. मला कळायचं. बोटं थरथरू नयेत म्हणून तो सकाळी थोडी घेऊनच यायचा. मी ज्या वॉर्डात काम करत होते तिथे अशी बोटं रोज हातात धरून बघत होते, म्हणून मला ती न थरथरणारी बोटं ओळखू यायची. गीत सुरू झालं की तो डोळे मिटून घ्यायचा. बायका म्हणायच्या, 'किती तल्लीन होतो बाई!' मागच्या तिसऱ्या बाकावर मी मान खाली घालून बसलेली असायचे.

आम्ही दोघं नगर जिल्ह्यातल्या एकाच गावचे. एकाच शब्बाथ शाळेत शिकलो, दृढीकरणही एकाच रविवारी झालं. पुढे मी मिरजेला नर्सिंग शिकले आणि 1993 साली येरवड्यात व्यसनमुक्तीच्या कामात आले. तो त्याआधीच नगर रोडवर एका कारखान्यात फिटर म्हणून लागला होता. नगरकडची कितीतरी ख्रिस्ती कुटुंबं अशीच एसटीत बसून पुण्याला आली आणि जिथे एसटीतून उतरली त्याच्याच आसपास, येरवडा, वडगाव शेरी, चंदननगर अशी राहिली. रविवारी भेट झाली की 'सलाम', मग गावाकडची खबर, मग घरी चला जेवायला. माझं लग्न झालेलं नव्हतं. त्याचं घर हेच माझं पुण्यातलं माहेर होतं.

येरवड्याचं नाव महाराष्ट्रात वेगळ्याच अर्थानं घेतलं जातं. 'याला येरवड्याला पाठवा' असं कुणी म्हणालं की ते मनोरुग्णालयाबद्दल असतं, नाहीतर 1871 सालच्या त्या कारागृहाबद्दल. व्यसनमुक्तीचं नातं नंतर जोडलं गेलं. अनिल अवचटांनी गर्दच्या आहारी गेलेल्या मुलांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. सुनंदा अवचट त्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. दारूडा हा नालायक माणूस नसून आजारी माणूस आहे, हे त्यांनी या भागात रुजवलं, आणि पुढे इतर ठिकाणी काम करणारे आमच्यासारखेही त्यावरच वाढले.

वॉर्डात मला हे जमायचं. दारू बंद केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंटला भिंतीवर किडे दिसायला लागतात, तो घामानं भिजतो, पलंगाचा दांडा सोडत नाही. त्याला लिब्रियमची गोळी द्यायची, जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायचं आणि शेजारी बसायचं. तो हिंदू असो, मुसलमान असो, नवबौद्ध असो, मी कुणालाही कधी 'तुझ्या देवाला काय वाटेल?' असं विचारलं नाही. बायकोचं मंगळसूत्र विकून प्यायलेल्या माणसाचं तोंडही मी ओल्या फडक्यानं पुसलं आहे. मनात राग यायचा, पण हात थांबायचा नाही.

आणि हीच मी माझ्या मित्राच्या टिफिनमध्ये वचनांच्या चिठ्ठ्या ठेवत होते.

वहिनी, म्हणजे त्याची बायको, सकाळी डबा भरायच्या. मी रात्रपाळी संपवून त्यांच्या घरी चहाला जायचे, तेव्हा गुपचूप चपातीच्या फडक्यात एक चिठ्ठी सरकवायचे. शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, मद्यपी देवाच्या राज्याचे वारस होणार नाहीत, अशा अर्थाची वचनं असायची. महिनाभरानं त्यानं त्या सगळ्या चिठ्ठ्या सरळ करून, एकावर एक ठेवून माझ्या हातात दिल्या. म्हणाला, "शब्बाथ शाळेच्या परीक्षेत पहिला नंबर माझा होता, तुझा दुसरा. ही सगळी मला पाठ आहेत. पिताना जास्तच आठवतात."

दुसरीकडे मी त्याला झाकतही होते. मंडळीच्या पंचांनी विचारलं की सांगायचे, कावीळ झाली आहे, अशक्तपणा आहे. मी नर्स, त्यामुळे सगळे विश्वास ठेवायचे. घरात त्याला टोचायचं आणि बाहेर सावरायचं, असं जवळजवळ सहा वर्षं चाललं, आणि यालाच मी मैत्री समजत होते.

आमच्या डॉक्टरांना मी एकदा हे सांगितलं. मित्र आहे, देवाचं इतकं जाणतो, तरी असं वागतो, काय करू? त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, चार नंबरच्या पेशंटबद्दल तुम्हाला एवढी लाज वाटते का?" मी म्हणाले, नाही, त्याची का वाटेल? ते काही बोलले नाहीत, फाईल उघडून लिहायला लागले. मी घरी गेले आणि रात्रभर मला झोप आली नाही. चार नंबरच्या पेशंटचा माझ्या नावाशी काही संबंध नव्हता. माझ्या मित्राचा होता.

आमच्याकडे एक शब्द आहे, साक्ष. कोर्टातली नव्हे. ख्रिस्ती माणसानं आपल्या वागण्यातून ख्रिस्ताबद्दल जे दाखवायचं असतं, ती. कुणी पोरगा भांडला, कुणाची मुलगी पळून गेली, कुणी प्यायला, की म्हातारी माणसं म्हणायची, 'साक्ष बिघडवली.' हा शब्द बाहेरच्यांना कडक वाटेल, पण त्यामागे काय आहे ते मला माहीत आहे. अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये नगरला आलं. 1876 ते 78 च्या आणि नंतर शतकाच्या अखेरच्या दुष्काळांच्या आगेमागे आमच्यातली पुष्कळ घरं ख्रिस्ती झाली. गावानं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं होतं अशी माणसं ती. जमीन नाही, पाटीलकी नाही. भाकरीसाठी धर्म सोडला हा टोमणा मात्र पिढ्यान्‌पिढ्या ऐकायचा. त्याला उत्तर द्यायला त्यांच्यापाशी एकच गोष्ट होती, नीट वागणं. स्वच्छ घर, शिकलेली मुलं, दारू नाही, शिवी नाही. माझे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. घरातून बाहेर पडताना ते आम्हाला सांगायचे, 'गाव आपल्याकडं बघतंय.' तेवढ्या एका वाक्यावर आमची घरं उभी राहिली. मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण त्याच वाक्यानं आमच्यातल्या पडलेल्या माणसाला उठायला जागा ठेवली नाही. जो प्यायला तो एकटा पीत नव्हता, तो साऱ्या समाजाला खाली आणत होता. म्हणून एक तर त्याला लपवायचं, नाहीतर काढून टाकायचं. आमच्या ओळखीच्या एका बाईंचा मुलगा पैशांच्या अफरातफरीत येरवड्याच्या कारागृहात कच्चा कैदी होता. गावात सांगितलेलं, बहरीनला आहे. मुलाखतीच्या दिवशी त्या माझ्या खोलीवर यायच्या, दहा मिनिटं टेकायच्या आणि निघताना पिशवीतलं पवित्र शास्त्र माझ्या टेबलावर काढून ठेवायच्या. "तिथं नको न्यायला," म्हणायच्या. ज्या पुस्तकात तुरुंगात असलेल्याला भेटायला जा असं सांगितलं आहे, ते पुस्तक तुरुंगाच्या दारातून नेण्याची त्यांना भीती वाटत होती. परत येताना त्या ते घेऊन जायच्या. दोन वर्षांत एकदाही त्यांनी पाळकसाहेबांना सांगितलं नाही, आणि मीही त्यांना 'सांगा' म्हणाले नाही.

त्या दिवसांत मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला घेतली. 1934 पासून भागाभागानं निघालेलं ते पुस्तक आमच्याकडे बहुतेक घरांत असतं, आणि त्यातला विनोद सगळ्यांना आठवतो. या वेळी मला दुसरंच दिसलं. रेव्हरंड टिळक म्हणजे आमचे संतकवी, त्यांची गीतं गातच आम्ही मोठे झालो. पण त्यांच्या बायकोनं त्यांचा तापटपणा, उधळेपणा, न सांगता घरातून निघून जाणं, काही म्हणजे काही झाकलं नाही. स्वतःचंही झाकलं नाही. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 च्या फेब्रुवारीत झाला. लक्ष्मीबाईंचा व्हायला त्यानंतर सुमारे पाच वर्षं गेली, आणि मधल्या काळात नवऱ्याजवळ राहायला आल्यावरही त्यांनी आपलं सोवळंओवळं बराच काळ सांभाळलं. ते कसं सुटलं, तेही त्यांनी लिहिलं. ते वाचून कुणाची साक्ष बिघडली? माझ्या तरी ओळखीत असा एकही माणूस नाही. मराठी ख्रिस्ती माणसाची जी ओळख महाराष्ट्राला प्रेमानं झाली, ती याच पुस्तकातून झाली.

मग मी बदलले, असं एका ओळीत सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मला भाग पाडलं ते वहिनींनी.

तो मारायचा. हे मला माहीत होतं आणि मी त्याला 'धक्काबुक्की' म्हणत होते. वहिनींना मी, आणि महिला मंडळातल्या इतरांनीही, एकच सांगितलं होतं: सोसा, प्रार्थना करा, तो मनानं वाईट नाही. 2007 च्या पावसाळ्यात एका रात्री त्या मुलीला घेऊन माझ्या दारात आल्या. डाव्या कानातून रक्त येत होतं. पर्स काखेत घट्ट धरलेली. पर्स त्या घरातही कधी खाली ठेवत नसत, न्हाणीघरातसुद्धा घेऊन जात, कारण ठेवली की रिकामी व्हायची. मी कान पुसायला घेतला, तेव्हा त्या म्हणाल्या, "सिस्टर, आज मला वचन सांगू नका."

मी सांगितलं नाही. सकाळी त्यांना ससूनला नेलं, कागदपत्रं केली. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा लागू होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. संरक्षण अधिकारी कुठे भेटतात हेसुद्धा शोधावं लागलं. त्यांना श्रीरामपूरला भावाकडे पोचवून मी परत आले आणि तडक मित्राकडे गेले. त्याला सांगितलं, वहिनींना मी पोचवलं, कुठे ते सांगणार नाही, आणि आता पंचांनी विचारलं तर कावीळ म्हणणार नाही. तो मला गद्दार म्हणाला. आमच्या गावाच्या, त्याच्या मेलेल्या आईच्या नावानं बोलला. मी जिना उतरून खाली आले आणि गुंजन चौकापर्यंत रडत चालत गेले. तरी मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की त्याच्याशी मी पहिल्यांदा मित्रासारखी वागले ती त्या दिवशी. मित्राची बाजू घेणं म्हणजे त्याच्या हातून मार खाणाऱ्याकडे पाठ फिरवणं, असं जर कुणी आपल्या धर्मात शिकवत असेल, तर ते शिकवणं चूक आहे. हे मी आता महिला मंडळात उभी राहून सांगते.

चार महिन्यांनी तो स्वतः आमच्या वॉर्डात भरती व्हायला आला. मी त्याची नर्स व्हायला नकार दिला, फाईल सहकाऱ्याकडे दिली, आणि भेटीच्या वेळेत इतर नातेवाइकांसारखी बाकड्यावर बसून भेटले. तिथून तो अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना जायला लागला.

त्या सभांविषयी आमच्यातल्या काहींना शंका असते. तिथे येशूचं नाव घेत नाहीत, ज्याला जसा देव समजेल तसा, असं म्हणतात. पण या सभांची मुळं कुठे आहेत ते बघा. 1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअरदलाल आणि एक डॉक्टर भेटले, दोघेही दारूडे, आणि दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या एका ख्रिस्ती चळवळीच्या सहवासात आलेले. पहिले सदस्य याकोबाचं पत्र आवडीनं वाचत. एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा, असं सांगणारं ते पत्र. दारू सोडायच्या त्यांच्या बारा पायऱ्यांपैकी पाचवी तीच आहे: आपल्या चुका देवापाशी, स्वतःपाशी आणि आणखी एका माणसापाशी बोलायच्या. मुंबईत फादर जो परेरांनी 1981 मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं, ते स्वतः याच वाटेनं दारूतून बाहेर आलेले, पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. धर्मगुरू असून त्यांनी आपलं व्यसन लोकांसमोर उघड सांगितलं. त्यांच्या त्या सांगण्यानं किती जणांना दार उघडं झालं असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते.

आमच्या उपासनेत आम्ही सगळे मिळून पापांगीकार म्हणतो. छापलेलाच असतो, सगळ्यांचा एकच. पाचव्या पायरीला माझ्या मित्राला स्वतःचा म्हणायचा होता. मला वाटलं, तो पाळकसाहेबांकडे जाईल. नाहीतर माझ्याकडे येईल. खरं सांगायचं तर मला खात्रीच होती की माझ्याकडे येईल. मी एक रविवार त्यासाठी मोकळा ठेवला होता. तो गेला सभेतल्या एका रिक्षावाल्याकडे. मुसलमान, दहा वर्षं न प्यायलेला. पर्णकुटी चौकाच्या पुढे, नदीच्या बाजूला रिक्षा लावून, मागच्या सीटवर दोघं चार तास बसले होते. मला हे नंतर कळलं आणि मला लागलं. मी त्याला विचारलं, त्यांना का? तो म्हणाला, "त्याला माझ्याबद्दल आधी काही चांगलं वाटत नव्हतं. त्याचं काही मोडणार नव्हतं."

तो सरळ रेषेत सुधारला नाही. दुसऱ्याच वर्षी नाताळात तो घसरला. नाताळ आमच्याकडे कठीणच. घरोघरी करंज्या, केक, गावाहून आलेले भाऊबंद, आणि गच्चीवर एक बाटली असतेच. तीन दिवस तो पीत होता. चौथ्या दिवशी रिक्षावाल्यानं त्याला सभेला नेलं. या वेळी मी कुणाला काही सांगितलं नाही, कावीळही नाही आणि दारूही नाही. तो स्वतःच पाळकसाहेबांकडे जाऊन सांगून आला. पेटी त्याच्याकडून काढून घेतली गेली. एका तरुण मुलाला दिली, तो बरी वाजवतो. पंचांना तेव्हा दुसरं काही सुचलं नसेल, पण पुढे तो पाच वर्षं प्यायला नाही, तरी ती त्याला परत मिळाली नाही, हे मला बरोबर वाटत नाही. मी ते बैठकीत बोलले आहे आणि पुन्हा बोलणार आहे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. बाकांवरून एकेक रांग उठते, वेदीपाशी जाऊन गुडघे टेकते. तो उठायचा नाही. आधी, पेटीवर असताना, कुणाच्या लक्षात येत नसे, वाजवतोय म्हणून बसलाय असं वाटायचं. पेटी गेल्यावर ते सगळ्यांना दिसायला लागलं. अख्खी रांग उठायची, गुडघे वाकडे करून त्याला ओलांडून जायची आणि तो एकटा बाकावर राहायचा. पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलंय, स्वतःची परीक्षा करूनच या भाकरीला हात लावा. ते तो धरून बसला होता. मी त्याला समजावायला गेले नाही. त्याचा पहिला नंबर होता.

एका रविवारी रांग उठली तेव्हा मी उठले नाही. ठरवून नव्हे. माझ्याच्यानं त्याला ओलांडून जाववलं नाही. तो हळूच म्हणाला, "तू जा." मी म्हणाले, "असू दे." माझ्या उभ्या आयुष्यात मी प्रभुभोजन चुकवलं नव्हतं. पाळकसाहेबांनी वेदीवरून पाहिलं आणि भेटल्यावर त्याबद्दल काही विचारलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पुढच्या महिन्यात मी गेले, त्याच्या पुढच्या महिन्यात बसले. त्याला काही नियम नाही. ज्या दिवशी त्याचा चेहरा फार उतरलेला असतो त्या दिवशी मी बसते.

वहिनी दोन वर्षांनी श्रीरामपूरहून परत आल्या, पण त्याच्या घरी नाही. वडगाव शेरीला खोली घेतली, एका शाळेत मदतनिसाची नोकरी धरली. मुलगी शनिवारी त्याच्याकडे जाते. पुन्हा एकत्र राहा म्हणून त्यांना मी एकदाही सांगितलेलं नाही. चर्चला मात्र त्या आमच्याच चर्चला यायच्या, पलीकडच्या रांगेत, पुढे.

गेल्या वर्षी, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, त्या उशिरा आल्या. पुढे जागा नव्हती. त्या आमच्या बाकाच्या टोकाला येऊन बसल्या, मधे मुलगी, मग तो, मग मी. प्रभुभोजनाच्या वेळी आमची रांग उठली. मुलगी उठली. वहिनी उठल्या, दोन पावलं गेल्या, थांबल्या, मागे वळल्या आणि काखेतली पर्स काढून त्याच्या शेजारी बाकावर ठेवली.

"बघा जरा," म्हणाल्या, आणि वेदीकडे गेल्या.

त्यानं पर्सला हात लावला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, डोळे उघडे ठेवून तो पर्सकडे बघत बसला, त्या परत येईपर्यंत.